वाचकांचे प्रश्न : चैत्रातील रानभाजी झाडावर शोधावी

पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पालवी गुळाबरोबर चावून आपण नव्या वर्षाला सुरुवात करतो, आणि आपल्या गल्लीतील कन्नड घरांत त्याच दिवशी बेवु-बेल्ल वाटले जाते. त्यानंतर पंधरा दिवसांत या सदराकडे रानातील पालवी, कळ्या आणि कोवळी फळे यांविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जेथे दोन पत्रांचा विषय एकच होता, तेथे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मार्चअखेरीस आम्ही जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला फिरायला गेलो होतो. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी या भाज्यांविषयी पुष्कळ ऐकले होते, म्हणून त्या शोधाव्यात असा विचार होता. परंतु वाळलेले गवत आणि पाचोळा यांपलीकडे जमिनीवर काहीच दिसले नाही. वसंतात आपल्या भागात रानभाजी मिळतच नाही काय? (एक वाचक भगिनी, शहापूर, बेळगाव)

उत्तर : मिळते, आणि भरपूर मिळते, मात्र आपण खाली पाहत होतात आणि चैत्रात मान वर करावी लागते. आपण लिहिलेल्या चारही भाज्या पावसाच्या ओलीवर अवलंबून आहेत. टाकळा आणि कुर्डू यांचे बी जमिनीत पडून राहते व मिरगाचा पाऊस पडल्यावर उगवते. फोडशीचा गड्डा जमिनीखाली झोपलेला असतो आणि पावसानंतर पाती वर काढतो. भारंगी एवढीच काय ती थोडी घाईची; एप्रिल-मेमध्ये दोन-तीन चांगले वळीव झाले, तर तिला जुन्या खोडातून कोवळे कोंब फुटू लागतात. मार्चअखेरीस तिची अपेक्षा धरणे हे जरा लवकरच झाले.

मोठ्या झाडांचे गणित निराळे असते. त्यांची मुळे खोलवरच्या ओलाव्यापर्यंत पोहोचलेली असल्यामुळे ऐन उन्हात, पाऊस येण्यापूर्वीच, ती नवी पाने आणि फुले काढतात. आपण ज्या रस्त्याने गेलात, त्या रस्त्यावर कुसुंबाची तांबडी पालवी आपल्याला दिसली असेल. त्याच दिवसांत शेवग्याला फुले असतात, कांचनाला कळ्या असतात, काजूला ओल्या बिया असतात, करवंदीच्या जाळीत हिरवी करवंदे धरतात आणि फणसाच्या बुंध्याला कुयऱ्या लोंबतात. जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या भागात चिंचेला पोपटी पालवी येते. तिला कन्नड शेजारी ‘हुणसे चिगुरु’ म्हणतात, आणि तूरडाळीच्या आमटीत ती मूठभर टाकली म्हणजे वेगळी चिंच कोळावी लागत नाही. भोकराची हिरवी फळे थोडी नंतर, वैशाखाच्या सुमारास, लोणच्यासाठी येतात. यांतील शेवगा, काजू आणि फणस ही झाडे परड्यातही असतात, म्हणून काहीजण त्यांना रानभाजी म्हणायला तयार नसतात. मला हा वाद निरर्थक वाटतो. पेरणी, खुरपणी आणि पाणी यांशिवाय जे दरवर्षी आपोआप येते, ते माझ्या लेखी रानातलेच आहे.

पहिल्यांदाच करून पाहणार असाल, तर कोवळ्या फणसापासून सुरुवात करावी, कारण तो ओळखण्यात चूक होण्याचा संभव नाही आणि त्याला कडूपणाही नसतो. कुयरी निवडताना आकारापेक्षा आतील बी महत्त्वाचे आहे. वीतभर लांबीची, काटे एकमेकांना चिकटून असलेली कुयरी घ्यावी. विळी मधोमध फिरवताना कोठेही अडखळली नाही, तर बी अजून धरलेले नाही असे समजावे. एकदा बीवरचे साल टणक झाले की ती भाजीची कुयरी राहिली नाही. मग तिला पिकू देणेच बरे.

फणसाचा चीक हीच या भाजीतील खरी अडचण आहे. खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे, विळीच्या पात्याला आणि दोन्ही हातांना मनगटापर्यंत खोबरेल तेल लावावे, आणि कुयरीचे दोन तुकडे केल्याबरोबर बाहेर आलेला पांढरा चीक कागदाने टिपून घ्यावा. पाण्याने धुण्याचा प्रयत्न करू नये, कारण पाणी लागले की तो रबरासारखा होतो आणि विळीवरून, नखांतून व परातीवरून दोन दिवस निघत नाही. काटेरी साल जाडसर काढून टाकावी, फोडी कराव्यात आणि त्या लगेच हळद घातलेल्या पातळ ताकात सोडाव्यात, म्हणजे काळ्या पडत नाहीत. कुकरमध्ये मीठ घालून दोन शिट्ट्या पुरतात. शिजलेल्या फोडी गार झाल्यावर खलबत्त्यात हलक्या हाताने ठेचाव्यात. मिक्सर फिरवला तर त्याचा लगदा होतो. ठेचल्यावर फणसाचे तंतू सुटे होतात आणि फोडणी प्रत्येक तंतूला लागते, हेच या भाजीचे मर्म आहे.

फोडणीला मोहरी, उडदाची डाळ, हिंग, कढीपत्ता आणि तीन-चार सुक्या संकेश्वरी मिरच्या असाव्यात. रात्रभर भिजवून शिजवलेले काळे वाटाणे किंवा पावटे घालावेत, चवीपुरता गूळ टाकावा आणि उतरवताना वाटीभर ओले खोबरे पेरावे. गरम मसाला आणि आले-लसणाची पेस्ट घालून हिला मटणाचे सोंग देण्याची पद्धत अलीकडे खानावळींतून दिसते. ती चवीला वाईट नसते. पण मग कुयरीऐवजी बटाटा घातला असता तरी चालले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : ओळखीच्या बाईंनी कांचनाच्या कळ्या आणि कुड्याची फुले आणून दिली. दोन्हींची मेथीसारखी कांद्यावर परतून भाजी केली. कळ्यांची भाजी तुरट झाली आणि कुड्याची तर इतकी कडू झाली की घरातील कोणी दुसरा घास घेतला नाही. फुले शिळी होती काय? (एक वाचक भगिनी, निपाणी, याच आशयाचे पत्र वडगाव, बेळगाव येथूनही आले आहे.)

उत्तर : फुलांचा दोष नाही. मेथीसारखी परतली, येथेच चूक झाली. पालक, मेथी, लाल माठ या पिढ्यानपिढ्या शेतात निवडून सौम्य झालेल्या भाज्या आहेत. रानातील झाडाला मात्र कीड आणि जनावरे यांपासून स्वतःचा बचाव करावा लागतो, आणि त्यासाठी त्याने साठवलेली कडू, तुरट किंवा खाजरी द्रव्ये आपल्या कढईत येतात. उकळणे, पाणी ओतून टाकणे, पिळणे, आंबट घालणे या जुन्या बायकांच्या खटपटी वेळखाऊ वाटतात. परंतु रानभाजीच्या बाबतीत पाककृतीचा अर्धा भाग हाच असतो, फोडणी हा नंतरचा.

कांचनाच्या कळ्या घट्ट मिटलेल्या, हिरव्या आणि बोटाने दाबल्यावर टणक लागणाऱ्या असाव्यात. टोकाला जांभळा रंग दिसू लागलेली कळी शिजल्यावर लिबलिबीत होते. देठ काढून कळ्या धुवाव्यात आणि मीठ-हळदीच्या भरपूर उकळत्या पाण्यात सुमारे दहा मिनिटे शिजवाव्यात. ते पाणी टाकून द्यावे. तुरटपणा बराचसा या पाण्यातच जातो. मग कळ्या पिळून, कांदा-लसणाच्या फोडणीवर परतून, वरून हरभऱ्याचे पीठ पेरून झाकण ठेवावे, किंवा पीठ न पेरता घोटलेले घट्ट दही घालावे. मला दह्याची अधिक आवडते. ज्वारीच्या भाकरीबरोबर मात्र पीठ पेरलेलीच जुळते.

कुड्याच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. भाजीला घेतात तो पांढरा कुडा. त्याची फुले पांढरी, पाच पाकळ्यांची, सुवासिक आणि झुबक्यांनी येणारी असतात. पाने समोरासमोर असतात, देठ मोडला की दुधासारखा चीक येतो, आणि शेंगा जोडीने पण एकमेकींपासून सुट्या लोंबतात. काळ्या कुड्याच्या शेंगांची जोडी टोकाशी चिकटलेली असते आणि त्याच्या फुलाच्या मध्यभागी झालरीसारखे तंतू दिसतात. ही दोन्ही झाडे कण्हेरीच्या कुळातील आहेत, आणि कण्हेर विषारी आहे हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणून सुट्या फुलांवरून ओळख पटवू नये. झाड, पाने आणि मागील वर्षाच्या वाळक्या शेंगा पाहून, शिवाय ती भाजी वर्षानुवर्षे खाणाऱ्या माणसाला दाखवून, मगच फुले घ्यावीत. आपल्या ओळखीच्या बाईंना झाड माहीत आहे, ही त्यातली जमेची बाजू.

कुड्याची फुले देठापासून खुडून घ्यावीत, उकळत्या मिठाच्या पाण्यात सहा-सात मिनिटे ठेवून पाणी टाकावे, गार पाण्यात बुडवून दोन्ही तळव्यांमध्ये घट्ट पिळावीत, आणि फार कडू लागल्यास हाच क्रम पुन्हा एकदा करावा. पिळल्यावर परातभर फुलांचा लिंबाएवढा गोळा उरतो. त्याने निराश होऊ नये, कारण ही भाजी पोट भरण्यासाठी खायची नसतेच. या गोळ्याला त्याच्या तिप्पट कांदा, भिजवलेली मुगाची डाळ, ओले खोबरे आणि गुळाचा लहान खडा लागतो. मीठ आरंभीच घालावे, कारण मिठाने कडूपणाची जाणीव दबते. शेवटी वरून घातलेले मीठ वेगळेच लागते. थोडा कडवटपणा शिल्लक राहील आणि तो राहायलाच हवा. वाटीभर भाजी घरातील चार माणसांनी तोंडी लावण्यापुरती घ्यावी. कुड्याची साल पोटाच्या तक्रारींवर औषध म्हणून प्रसिद्ध आहे, त्यामुळे फुलांनाही औषध समजून आठवडाभर खाणारे लोक भेटतात; भाजी आणि औषध यांची अशी सरमिसळ करू नये. गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना ही भाजी न दिलेलीच बरी.

प्रश्न : आमच्या शेतात काजूची झाडे आहेत. यंदा प्रथमच ओल्या बिया फोडून गर काढले. दुसऱ्या दिवशी बोटांची कातडी काळी पडून सोलू लागली आणि गालावर फोड आले. गर खाण्यास योग्य आहेत काय? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : गर खाण्यास योग्य आहेत, इजा केली ती टरफलाने. काजूच्या बीच्या टरफलात दाट, भाजणारे तेल असते आणि काजू हा बिब्ब्याचा भाऊबंद आहे, एवढे सांगितले म्हणजे आपल्या वाचकांना पुढचे कळेल. माझे माहेर याच तालुक्यातील. नववीत असताना मी शहाणपणाने हाताला काही न लावता शंभरेक बिया फोडल्या आणि त्याच हाताने डोळा चोळला. पुढील आठ दिवस एका डोळ्याने शाळा केली, आणि आईने कणव दाखवण्याऐवजी राखेची टोपली माझ्यापुढे आणून ठेवली.

राख किंवा खोबरेल तेल हा जुना उपाय आहे. रबरी हातमोजे त्याहून चांगले. बी विळीवर उभी चिरावी आणि टोकदार काडीने गर बाहेर काढावा; बोटाने उकरू नये. फोडताना चेहऱ्याला हात लावू नये, कामानंतर हात आधी तेलाने पुसून मग साबणाने धुवावेत, आणि अंगावरचे कपडे वेगळे धुण्यास टाकावेत. फोड मोठे असतील किंवा डोळ्याजवळ असतील, तर घरगुती लेप लावत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावे. सुक्या बिया टरफलासकट स्वयंपाकघरात भाजू नयेत, कारण त्या तेलाचा धूरही डोळ्यांना आणि घशाला तितकाच झोंबतो. हे काम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून करावे.

काढलेले गर कडकडीत पाण्यात पंधरा मिनिटे ठेवावेत, म्हणजे वरची साल चिमटीने निघते आणि सालीला लागलेले तेलही जाते. उसळ करताना त्यांना फारसे शिजवावे लागत नाही. कांदा, खोबरे आणि धणे यांचे भाजके वाटण घालून दहा मिनिटे उकळी पुरे आहे.

प्रश्न : उसाच्या मळ्यात पाटाच्या कडेला घोळ भरपूर येते. मला मुतखड्याचा त्रास आहे. ती खावी काय? तशीच जमिनीला पसरणारी, तांबूस देठाची आणखी एक वनस्पती तेथेच दिसते, ती कोणती? (एक वाचक, चिक्कोडी तालुका)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, असे पुरुष लेखक लिहितात, मीही तसेच करते, कारण ते अधिक महत्त्वाचे आहे. घोळीचे देठ आणि पाने मांसल व रसरशीत असतात, आणि देठ मोडला तर पाण्यासारखा रस येतो. तांबूस देठाची, पातळ पानांची, जमिनीलगत पसरणारी दुसरी वनस्पती बहुधा दुधी किंवा नायटी असेल. तिचा देठ मोडताच पांढरा चीक येतो. चीक आला की ती टोपलीत नको. चिरण्यापूर्वी एकेक फांदी मोडून पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. याच निवडण्यात धोतऱ्याचे एखादे कोवळे रोपही हाती लागू शकते. पडीक जागेवरून आणलेल्या तांदुळजासारख्या पालेभाजीत तर ते हमखास पाहावे. ते पोटात गेल्यास तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

मुतखड्याविषयी सांगायचे, तर घोळीत ऑक्झॅलेट पुष्कळ असते, आणि बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. आपला खडा कोणत्या प्रकारचा आहे हे डॉक्टरांना विचारावे. तो ऑक्झॅलेटचा असेल, तर घोळ सोडून द्यावी. घरातील इतरांनी ती उकळून, पाणी टाकून, ताकात शिजवावी. उकळल्याने विरघळणारे ऑक्झॅलेट बरेचसे पाण्यात उतरते, आणि ताकातील कॅल्शियम उरलेल्यातील काही भाग पोटातच बांधून ठेवते. ताकातल्या घोळीला लसणाची फोडणी आणि किंचित हरभऱ्याचे पीठ एवढेच लागते. ती आधीच आंबट असल्यामुळे ताक गोडसर घ्यावे.

राहता राहिला ऊस. उसात तण मारण्यासाठी २,४-डी, ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन अशी औषधे फवारली जातात. त्यांतून वाचलेली किंवा नंतर फुटलेली घोळ हिरवीगार दिसली, तरी २,४-डी सारखे औषध पानाच्या आत शिरलेले असते आणि मिठाच्या पाण्याने कितीही धुतले तरी निघत नाही. मळा आपला असेल, तर काय फवारले हे आपल्याला माहीत असते. शेजाऱ्याच्या बांधावरची घोळ मात्र विचारल्याशिवाय खुडू नये. केवळ शिष्टाचार म्हणून मी हे सांगत नाही.

प्रश्न : आम्हा मैत्रिणींचा गट सुट्टीच्या दिवशी खानापूरच्या जंगलात जाऊन स्वतः रानभाजी गोळा करू इच्छितो. कोठे जावे? (एक वाचक भगिनी, बेळगाव)

उत्तर : भीमगड परिसरात तरी जाऊ नये. तेथील सुमारे १९० चौरस किलोमीटरचे वन 2011 साली अभयारण्य म्हणून घोषित झाले आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय पानही आणता येत नाही. जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क दिला आहे. तो आपल्या सुट्टीच्या सहलीला लागू होत नाही. शिवाय शहरातील माणूस कळ्यांसाठी फांदीच मोडतो, असा माझा अनुभव आहे, आणि मोडलेल्या फांदीला पुढच्या चैत्रात कळ्या येत नाहीत.

ज्या गावात नातेवाईक किंवा परिचित असतील, तेथे त्यांच्या परड्यात आणि त्यांच्याबरोबर फिरावे. ते शक्य नसेल, तर बाजारात पोते अंथरून बसलेल्या खेड्यातील बायकांकडून विकत घ्यावे. मात्र घेताना झाड कसे असते, कोणते पाणी टाकायचे आणि आंबट काय घालायचे, हे विचारून घ्यावे. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला ही माहिती मिळत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. आणि जायचे ते सकाळी आठच्या आत जावे, कारण ऊन वर आले की पाटीतल्या कांचनाच्या कळ्या तेथेच उमलू लागतात.